नव्वदच्या खाली

१६ जानेवारी २०२४

समाध्या, जयभीम.

फाडू नको. फाडायचंच आसंल तर वाचून फाड. मपला नंबर तू ब्लॉक केलास, तुझ्या बायकोला, पंचशीलाला लावला तर तिनंबी उचलला न्हाई. पाच वर्षं झाली ह्याला. म्हणून कागद घेतला. धावीनंतर पहिल्यांदाच एवढं लिहितोय, अक्षराला हसू नको.

तुझ्या दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा बीडला मशीनवर रक्त धुतेत, हे मला चहाच्या टपरीवर कळलं. सख्ख्या भावाला टपरीवर कळतंय. राग येतो मला. काल आईला घेऊन संभाजीनगरच्या दवाखान्यात गेलतो. आईला शुगर हाय, तिची चालत न्हाई. पंचशीलाचं रक्त जुळत न्हाई, हे तुला म्हाईतच हाय. मपलं जुळलं. पहिल्या झटक्यात.

मी शर्ट वर केला अन् म्हणलं, काढा आताच. तर तिथल्या डॉक्टरीण बाईनं मला काट्यावर उभं केलं. एकशे अठरा किलो. म्हणली, "शहादेवराव, नव्वदच्या खाली या, मग बोलू." मी म्हणलं, "बाई, किडनी द्यायचीय, पोट न्हाई." तर म्हणली, "एक काढल्यावर उरलेल्या एकीनं एवढं सगळं शरीर ओढायचंय. आत्ताच बीपी एकशे साठ आहे. एक पेशंट बरा करून मला दुसरा तयार करायचा नाही." तिच्या जागी बाप्या असता तर टेबलासकट उचलला असता. मी खुर्चीला लाथ घातली, तिचा पाय मोडला. आई दिवसभर माझ्याशी बोलली न्हाई.

मी आप्पाचा माणूस हाय, हे लपवत न्हाई. बारा वर्षं विठ्ठलराव आप्पाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसतो. आप्पा बोट दाखवतो, त्या माणसाला मी समजावतो. विहाराच्या जागेवर आप्पानं कंपाउंड घातलं, तू तहसीलला अर्ज केलास, त्याच्या पोरांनी तुला कापसाच्या गोडाऊनमधी नेऊन पाइपानं हाणलं. ह्यात मपलं काय? मी दारात उभा व्हतो. आडवायला गेलतो, मला आत येऊ दिलं न्हाई. आईच्या हातानं हाच निरोप धाडलता. तू मानत न्हाईस, नको मानू.

किडनी मात्र घ्यावी लागंल तुला. अठ्ठावीस किलो म्हंजे काय, मी दोन महिन्यात उतरवतो.

तुपला थोरला,
शहादेव


२७ फेब्रुवारी २०२४

समाधान, जयभीम.

उत्तर आलं न्हाई. बरं.

तेलगावात एकजण वजन उतरायची पावडर विकतो. सकाळी एक गिलास, सांजच्याला एक गिलास, मधी घास खायचा न्हाई. मी वरून पाणीबी तोडलं. सहा आठवड्यात अकरा किलो गेले. छाती काढून रिपोर्ट दाखवायला निघालो अन् नेकनूरच्या इस्टँडवर एस.टी.च्या पायरीवरच डोळ्यापुढं अंधारी आली. तोंडावर पडलो. पुढचा दात गेला. लोकांनी मला ओळखलं अन् कोणी जवळ आलं न्हाई. पैलवान पिऊन पडला म्हणले.

संभाजीनगरला डॉक्टरीण बाईनं लघवीचा रिपोर्ट बघितला अन् टेबलावर आपटला. म्हणली, "जी किडनी द्यायचीय तीच वाळवून आणलीत."

मी तिथून थेट तेलगाव गाठलं. त्या पावडरवाल्याला दुकानाबाहेर ओढला अन् त्याचेच डबे त्याच्या डोक्यात फोडले. कानातून रक्त आलं तरी हात थांबंना. त्याची बायको मधी पडली, तिच्या कपाळाला डबा लागला, तव्हा थांबलो. खरं सांगतो, लई दिवसांनी आंग मोकळं झालं व्हतं.

दवाखान्यात आहाराचं बघायला आम्रपाली मॅडम हायेत. बारीक आवाजाची बाई, पण ऐकावं लागतं. त्यांना मी हे फुशारकीनं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणल्या, "दादा, त्याला मारताना तुमचं बीपी किती झालं असेल? ते कोणाच्या किडनीवर गेलं?" मग म्हणल्या, "उपाशी राहून गेलेलं वजन माघारी येतंच. महिन्याला दोन-अडीच किलो. त्याहून जास्त उतरवलंत तर मीच तुम्हाला परत पाठवीन. आणि नव्वदला शिवून चालणार नाही, तिथं दोन-तीन महिने राहून दाखवायचं."

म्हंजे वर्ष. मी म्हणलं, तवर मपला भाऊ टिकंल का. म्हणल्या, "मशीनवर टिकेल. तुम्ही घाई केलीत तर दोघं मशीनवर असाल."

तू टिक. तेवढंच सांगायला लिहिलं.

शहादेव


२० जून २०२४

समाध्या,

एकशे चार. मधी एकशे बारापर्यंत माघारी गेलतो, मॅडम म्हणल्या तसंच. आता जे उतरलंय ते खाऊन उतरलंय.

ऐक, तुला हसू येईल. चार भाकरीच्या दोन केल्या. आधी वाटीभर मटकीची उसळ अन् काकडी-कांदा खायचा, मग भाकरीला हात लावायचा. दोन अंडी रोज. आप्पाच्या बैठकीत दिवसाला अकरा कप चहा व्हायचा, मोजला तव्हा कळलं, तो दोनवर आणला, बिनसाखरेचा. मटण आयतवारी, चार फोडी, वरचा तर्रीचा थर काढून. सकाळी नेकनूरपर्यंत चालत जातो अन् चालत येतो. दहाला झोपतो. ताटाचा फोटो काढून मॅडमला धाडावा लागतो. एवढा मोठा गुंड, जेवायच्या आधी ताटाचा फोटो काढतो. सटवा बघून लई हसला. सटवा म्हंजे आप्पाकडं मपल्या हाताखालचा, तूबी त्याला वळखतोस.

मे महिन्यात काटा अडकला. हलायलाच तयार न्हाई. मॅडम म्हणल्या, लपवून खाता. मी चिडलो. मग एक दिस चुलीपाशी गेलो तर आई मपल्या भाजीत मूठभर दाण्याचं कूट अन् वरून तूप सोडत व्हती. महिनाभर चाललंतं. हात उगारला म्या. खाली घेतला. ती म्हणली, "लोक इचारतेत भामाबाईचा थोरला कावून सुकला. कोणी म्हणतंय एड्स झाला, कोणी म्हणतंय करणी केली. एक पोरगं मशीनवर, दुसरं डोळ्यादेखत वाळतंय, मी काय करू?" लई रडली. तिला पुन्यांदा समजावलं, वजन उतरल्याबिगर डॉक्टरीण बाई किडनी काढणार न्हाई. तव्हापासून कूट बंद.

आणखी एक. आंग हलकं झाल्यापासून हात जास्त चालतो. दम लागत न्हाई. परवा आप्पानं एका वीटभट्टीवाल्याकडं धाडलं. त्याला पालथा पाडला, सटवा पाइप घेऊन सुरू झाला. तिसरा पाइप कमरेवर बसला अन् मी वरडलो, "कमरेवर नको बे." सगळे मपल्याकडं बघाय लागले. कावून वरडलो मलाबी कळलं न्हाई.

डॉक्टरीण बाईनं मागं इचारलंतं, भाऊ अंगदुखीच्या गोळ्या एवढ्या कशापायी खात व्हता. मी म्हणलं, मोटारसायकलवरून पडलता. तुझ्या मारहाणीच्या केसमधी कोर्टातबी मी तेच सांगितलंय, आता दुसरं काय सांगणार. ती म्हणली, "पडल्यावर आठवडाभर लघवी बंद झाली होती का? अंगाचं मांस इतकं ठेचलं गेलं की पहिला मार किडनीलाच बसतो." मी म्हणलं, मला म्हाईत न्हाई, मी तिथं नव्हतो.

शहादेव


३ नोव्हेंबर २०२४

जयभीम.

काल आप्पाचा वाढदिवस झाला. तुला म्हाईत हाय दरसाली काय व्हतं. मारुतीच्या पारापुढं मोठा तराजू टांगतेत, झेंडूनं मढवतेत, अन् एका पारड्यात आप्पाचा पैलवान म्हणून मी. दुसऱ्यात गुळाच्या धा-धा किलोच्या ढेपा. तेवढा गूळ आप्पाच्या नावानं गावात वाटायचा. आप्पा सोता बसत न्हाई, नेता वजनाला बसला तर लोक हसतेत म्हणतो. मपला आकडा माइकवर सांगतो. आमच्या घरी एवढं खातेत म्हणून.

मी जायला नको व्हतं. एवढ्या महिन्यात ढिल्ला झब्बा घालून लपवलं, शुगर निघाली म्हणून सांगितलं, अन् तिथं जाऊन गपगुमान पारड्यात बसलो. बारा वर्षांची सवय. आप्पानं नुसती मान हलवली अन् पाय आपोआप चालले.

लोक ढेपा मोजत व्हते. सात, आठ, नऊ. धावी ठेवली अन् मी हवेत. दोन ढेपा खाली तशाच ऱ्हायल्या. बायका तोंडाला पदर लावून हसाय लागल्या. कोणीतरी म्हणलं, आप्पाचा पैलवान उतरला. आप्पा हसत व्हता, पण मी त्याला बारा वर्षं वळखतो.

आतल्या खोलीत नेलं. म्हणला, "कोणत्या आखाड्याची तयारी चाललीय?" सटवानं आधीच सांगितलंतं. आप्पानं मपल्या पोटाला बोट लावलं, बरोबर डाव्या कुशीला. "तुझा भाऊ उठून उभा राहिला की पहिला अर्ज कोणाच्या नावानं करील, शहादेव? मी काय मूर्ख हाय का? तू ती दे, मी काढून घेतो." मग सटवाकडून गुळाचा खडा मागवला अन् सोता मपल्या तोंडात घातला. जबडा धरून. मी खाल्ला.

समाध्या, ज्या माणसाला मी एका हातानं उचलला असता त्याच्यापुढं मान खाली घालून गूळ चघळला. भायेर येऊन हापशावर थुंकलो अन् पायी घरी आलो. त्याच्या गाडीत पुन्यांदा बसलो न्हाई. मागच्या आठवड्यात दवाखान्याच्या काट्यावर शहाण्णव भरलं व्हतं.

शहादेव


१२ जानेवारी २०२५

समाधान,

एकोणनव्वद. आज सकाळी, दवाखान्याच्या काट्यावर. आम्रपाली मॅडमनी दोनदा बघितलं. बीपी एकशे चोवीस. डॉक्टरीण बाई पहिल्यांदाच मपल्याशी हसून बोलली. असंच ठेवा, दोन महिन्यांनी किडनीची परवानगी देणाऱ्या कमिटीपुढं नेते म्हणली.

अन् भायेर व्हरांड्यात पंचशीला उभी. मला वाटलं आनंदाची बातमी आणलीय. तिनं डबा दिला न्हाई, पाणी दिलं न्हाई. म्हणली, "दादा, ते घ्यायला तयार न्हाईत." मी म्हणलं, कावून. म्हणली, "त्यांनी एकच इचारलंय. त्या दिवशी पालथं पाडल्यावर मांड्यांवर कोण बसलं व्हतं, ते कोर्टात सांगा. सांगितलं तर घेतील. न्हाई तर मशीनवर मरतील, पण तुमची घेणार न्हाईत. दिवस जास्त न्हाईत दादा, आता मशीनबी झेपत न्हाई त्यांना."

मी तिच्या अंगावर धावलो. हे लिहायला लाज वाटती, पण धावलो. वॉर्डबॉयनं धरला. वर्षभर मटकी खाल्ली, आईच्या हातचं तूप सोडलं, लोक एड्स झाला म्हणले ते ऐकलं, अन् तू मला अटी घालतोस. तुला सोताच्या जिवाची काही पडली हाय का न्हाई?

हे मी रागात लिहिलं. मग मी दारात उभा व्हतो असं लिहायला गेलो. पुन्यांदा. न्हाई लिहिता आलं.

मी दारात नव्हतो. तू फरशीवर पालथा व्हतास अन् सारखा सुटत व्हतास. चौघांना आवरत नव्हतास. आप्पा खुर्चीवर बसून पेपर वाचत व्हता. मान वर न करता म्हणला, "शहादेव, बस त्याच्यावर." मी बसलो. तुझ्या मांड्यांवर, तोंड तुझ्या पायाकडं करून, म्हंजे मला बघाय लागू नये. एकशे अठरा किलो. तुझ्या मांडीत काहीतरी तुटल्याचं मला खाली कळलं. तुला माझं तोंड दिसलं न्हाई, अन् तू "दादा, दादा" म्हणून वरडत व्हतास. मला बोलावत व्हतास सोडवायला. तुझ्या अंगावर बसलेला मीच व्हतो अन् तू मला सोडवायला बोलावत व्हतास. सत्तावीस पाइप. मी मोजले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. मी उठलो असतो तर तू सुटला असतास. मला कोणी धरलं नव्हतं. नुसतं उठायचं व्हतं.

तुझ्या किडन्या गोळ्यांनी गेल्या न्हाईत. मला पहिल्या दिवसापासून म्हाईत हाय.

उद्या तुझ्या वकिलाकडं बीडला जातो.

शहादेव


९ मार्च २०२५

डाव्या हातानं लिहितोय. वाचता आलं तेवढं वाच.

जबाब दिला. आप्पाचं नाव, सटवाचं, सगळ्यांचं, अन् मपलं. मलाबी आरोपी केलं, जामीन झाला. न्यायाधीश बाईनं इचारलं, आत्ता का सांगताय. मी म्हणलं, भावानं इचारलं म्हणून.

दोन तारखेला दुपारी नेकनूरहून चालत येत व्हतो. आप्पाच्या मळ्याच्या हौदापाशी पाच जण. म्होरं सटवा. त्याला पाइप कसा धरायचा ते मीच शिकवलंय. पळता आलं असतं, पण पाठ द्यावी लागली असती, अन् पाठीतच तर किडनी असती. म्हणून मी खाली बसलो, डावी कूस हौदाच्या भिंतीला घट्ट चिकटवली, गुडघे पोटाशी घेतले अन् उजवं आंग त्यांना दिलं. डॉक्टरीण बाईनं डावी काढायची ठरवलीय.

सटवा म्हणला, "उठ की बे पैलवान, हाण." म्या हाणलं न्हाई. हाणायला हात वर केला की कूस उघडी पडती. उजवा हात दोन जागी मोडला, त्या बाजूच्या चार बरगड्या गेल्या, कान फाटला. मग सटवाला कळलं मी काय लपवतोय. मला भिंतीपासून सोडवायला दोघं पाय धरून ओढाय लागले. सटवा मपल्या मांड्यांवर बसला. मी हौदाच्या लोखंडी कडीत बोटं अडकवली. नखं निघाली, पण सोडलं न्हाई. शेवटी उसाची गाडी आली म्हणून पळाले.

दवाखान्यात शुद्ध आली तव्हा पहिल्यांदा लघवीचं भांडं मागितलं. त्यात रक्त हाय का ते बघितलं. नव्हतं. सोनोग्राफीत डावी साबूत हाय. डॉक्टरीण बाई म्हणली, हाडं जुळू दे, तीन महिने थांबू.

मार खाताना मी एकदाबी तुला बोलावलं न्हाई. तो हक्क मला न्हाई.

शहादेव


१४ जून २०२५

समाधान, जयभीम.

उद्या सकाळी ऑपरेशन. तू वरच्या मजल्यावर हायेस, मी खालच्या. जिना चढून यायला पाच मिनिटं लागतेत, पण तू बोलवलं न्हाईस म्हणून आलो न्हाई. ही चिठ्ठी नर्सकडं देतो.

तीन महिने प्लास्टरमधी पडून व्हतो, चालणं बंद. एक्क्याण्णव झालं. मला वाटलं गेलं सगळं. पण मॅडमनी खाटेवरच भाकरीचा तुकडा मोजून दिला, हात-पाय हलवायला शिकवलं. आज अठ्ठ्याऐंशी. कमिटीतल्या साहेबानं इचारलं, कोणाच्या दबावाखाली देताय का. आई शेजारी व्हती, ती म्हणली, "ह्याच्यावर कोण दबाव टाकणार साहेब, हाच आजवर दुसऱ्यावर टाकत आला."

आप्पा आत हाय. केस चालली की मीबी आत जाईन. वकील म्हणतो चार-पाच वर्षं. मॅडमना तुरुंगातल्या जेवणाची काळजी. एका किडनीच्या माणसानं मीठ जपावं म्हणून त्यांनी जेलरला द्यायला कागद लिहून दिलाय. मला त्या कागदाचं हसू आलं, पण जपून ठेवलाय.

पंचशीलानं तुझा निरोप सांगितला. किडनी घेतो, पण माफ केलं न्हाई अन् दादा म्हणणार न्हाई. मी रागावलो न्हाई. तू म्हणलास तेच बरोबर हाय. माफी मी मागत न्हाई, मागितली असती तर तू किडनी घेताना तिच्याकडं माफीचं मोल म्हणून बघितलं असतंस. तशी ती न्हाई.

आता नीट ऐक. गोळ्या जन्मभर खायच्या, सकाळ-संध्याकाळ, एक बी चुकवायची न्हाई. पाणी भरपूर पी. लोणचं-पापड सोड. अंगदुखीची गोळी कधीच खायची न्हाई, किती बी दुखलं तरी. वजन वाढू देऊ नको. रोज चाल. मपला लई राग आला तर चालताना शिव्या दे, मोठ्यानं दे. पण चालत ऱ्हा.

शहादेव